कोर्टाची पायरी आणि वकिलाची पायरी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी आपल्याकडे कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या शिक्षणावर. यंदा अध्यक्षबाईंनी मला घर-जागेच्या खरेदीवर बोलावयास सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. कायद्याची पुस्तके मी वाचलेली नाहीत. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या घरी आणि नात्यात खरेदीचे व्यवहार झाले. पुरुषमंडळींना रजा मिळत नसे, म्हणून कागदांची पिशवी घेऊन डहाणूच्या कचेऱ्यांत मीच हेलपाटे घालीत असे. तेथे जे पाहिले आणि वकीलबाईंच्या तोंडून जे ऐकले, ते आपल्या साध्या भाषेत सांगणार आहे. कोठे चुकले तर जाणत्या मंडळींनी सुधारून घ्यावे.

प्रश्न असा आहे, की आयुष्यात पहिल्यांदाच जागा किंवा घर घेणाऱ्या माणसाने वकील करावा का? की दलाल, टायपिस्ट आणि देवावरचा विश्वास एवढ्यावर भागते?

आपल्यात दोन म्हणी आहेत. एक, ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’. दुसरी, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. पण दुसऱ्या म्हणीचा अर्थ आपण जरा चुकीचा लावतो. कोर्टाची पायरी नको, म्हणून वकिलाचीही पायरी नको, असे आपण समजतो. वकिलाचे नाव काढले की घरातली वडील माणसे म्हणतात, “अगं, आपले काय भांडण आहे का कोणाशी?” भांडण नाही, म्हणूनच तर जावयाचे! भांडण झाल्यावर वकील कोर्टात नेतो. भांडणाआधी गेले तर तोच वकील कोर्टापासून दूर ठेवतो. फीचा फरक तर विचारूच नका.

प्रथम हे सांगते, की खरेदीला वकील लावलाच पाहिजे असे कोणताही कायदा म्हणत नाही. वकिलावाचून खरेदीखत होते, नोंदले जाते, आणि पुष्कळांची झालेलीही आहेत. मग पैसे का घालावेत? याचे उत्तर हवे असेल तर खरेदीच्या वेळी आपल्या भोवती जी माणसे जमतात, ती कोणासाठी काम करतात हे पाहावे.

पहिला दलाल. तो गोड बोलतो, रिक्षाने जागा दाखवतो, चहा पाजतो. त्याची दलाली व्यवहार झाला तर मिळते, मोडला तर मिळत नाही. तेव्हा ‘हा व्यवहार करू नका’ असे त्याने सांगावे, ही अपेक्षाच चूक आहे. दुसरा दस्त लिहिणारा. तो नमुन्यात नावे भरून देतो. जमिनीचा मागचा इतिहास पाहणे हे त्याचे काम नाही. तिसरा बँकेचा वकील. आपण कर्ज काढले की बँक आपला वकील लावून कागद तपासते, आणि त्याची फी आपल्याकडूनच घेते. म्हणून आपल्याला वाटते, झाले, तपासणी झाली. पण तो पाहतो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही, आणि त्याचा अहवाल जातो बँकेकडे. चौथा बिल्डरचा वकील. तो बिल्डरचा, हे त्याच्या नावातच आहे.

राहिले दुय्यम निबंधक, म्हणजे जेथे आपण अंगठा देतो, फोटो काढतो ती कचेरी. बहुतेक भगिनींचा समज असा, की सरकारी कचेरीत दस्त नोंदला म्हणजे मालकी पक्की झाली. तसे नाही. माणूस तोच आहे का, मुद्रांक शुल्क भरले का, ठरावीक परवानग्या जोडल्या आहेत का, हे तेथे पाहतात. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याचा निवाडा तेथे होत नाही. २०२५ साली तामिळनाडूतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विकणाऱ्याची मालकी तपासणे हे निबंधकाचे काम नव्हे. म्हणजे नोंदणी ही व्यवहाराची नोंद झाली, मालकीची हमी नव्हे.

सातबाऱ्याचेही तसेच. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव असणे ही चांगली गोष्ट, पण केवळ नावाने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. सातबाऱ्याच्या मागे फेरफार असतात. कोणाचे नाव कोणत्या वर्षी, कशामुळे लागले व कशामुळे गेले, ती सगळी कहाणी फेरफारात असते. आपण पाने उलटत मागे गेलो तर ती कळते. पण ती वाचता आली पाहिजे.

तेव्हा इतकी माणसे जमलेली असताना खास आपल्या बाजूने पाहणारा एकही नसतो. तो आपण स्वतः आणावा लागतो. याचसाठी वकील.

आता कोणी म्हणेल, हे मुंबईच्या लोकांचे झाले, आपल्या नरपडला काय? भगिनींनो, आपल्या तालुक्यात तर वकील अधिक लागतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली, आणि शनिवार-रविवारी वाडी पाहावयास येणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हापासून तर चहाच्या टपरीवरही गुंठ्याचा भाव ऐकू येतो. बंदर चांगले की वाईट, याविषयी आपल्यातच दोन मते आहेत, त्यात मी शिरत नाही. पण भाव चढू लागला की घाई वाढते, आणि घाईत कागद कोणी वाचत नाही. आपल्या भागातील जमिनीला मात्र निदान चार गाठी आहेत. त्या एकेक सांगते.

पहिली गाठ आदिवासी जमिनीची. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र. जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ १९७४ पासून लागू आहे. त्याप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला आगाऊ परवानगीवाचून देता येत नाही. विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तीही राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेने. केवळ विक्रीच नव्हे, तर बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, सगळ्यालाच हे लागू. त्यामुळे “विकत नको, नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घ्या” किंवा “मुखत्यारपत्र करून देतो, काम भागेल” असे कोणी सांगितले तर समजावे, की माणूस खड्ड्याकडे नेत आहे.

हा कायदा का झाला, हे आपल्या भागातील माणसाला सांगावयास नको. अंगठा उठवून जमिनी कशा गेल्या, आणि जमिनीचा धनी त्याच जमिनीवर कूळ आणि लग्नगडी कसा झाला, हे आपल्या आजे-पणज्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९४५ साली तलासरीजवळ झरी येथे वारली बांधव जमले आणि वेठीविरुद्ध उभे राहिले. त्यांच्यात राहून काम करणाऱ्या गोदावरीबाई परुळेकर या स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या, हे आपण स्त्रियांनी विशेष लक्षात ठेवावे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचे पुस्तक मंडळाच्या कपाटात असावे अशी माझी सूचना आहे. कागद न वाचता उठवलेल्या अंगठ्याने काय होते, ते आपल्या तालुक्याइतके कोणी भोगलेले नाही. तेव्हा अशा जमिनीच्या व्यवहारात आपण घेणारे म्हणूनही पडू नये. पैसे तर जातीलच, आणि वर कोणाच्या तरी तोंडचा घास काढल्याचे पाप पदरी येईल.

दुसरी गाठ शेतजमिनीची. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही, त्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. घेतली तर व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. शिवाय १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर ज्या कुळांना जमिनी मिळाल्या, त्यांच्या विक्रीवर कलम ४३ चे बंधन असते. २०१४ च्या दुरुस्तीने दहा वर्षे झालेल्या जमिनींना आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून मोकळीक मिळते, पण ती रक्कम भरली आहे का, हे पाहावे लागते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असले, किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यात बारीक अक्षरात काही असले, तर तेथेच थांबावे आणि विचारावे. बहुतेक लोक वरचे नाव वाचतात आणि खालचा रकाना सोडतात.

याच्या जोडीला १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. “पाच-पाच गुंठ्यांचे प्लॉट पाडले आहेत” असे सांगणारे पुष्कळ येतात. या कायद्यात आणि बिनशेतीच्या नियमांत अलीकडे वरचेवर बदल झाले. कोणता बदल कोणत्या जागेला लागू, हे जागा पाहिल्यावाचून कोणीच सांगू शकत नाही. जो नियम वर्षा-दोन वर्षांत फिरतो, त्यासाठी तरी रोज त्यातच असलेला माणूस हवा.

तिसरी गाठ समुद्राची. आपले गाव किनाऱ्यावरचे. सुरूच्या बनातून लाटा दिसतात म्हणून पाहुण्यांना जागा आवडते. पण समुद्र जितका जवळ, तितके बांधकामावर निर्बंध अधिक. किनारा नियमन क्षेत्राचा नियम १९९१ पासून आहे, आणि २०११ व २०१९ साली त्याच्या नव्या अधिसूचना निघाल्या. त्याखेरीज २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्यासाठी प्राधिकरण नेमले गेले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी पुष्कळ वर्षे त्याचे अध्यक्ष होते. जमीन मिळाली म्हणजे तिच्यावर हवे ते बांधता येईल, असे आपल्याकडे नाही. जागा भरतीरेषेपासून किती दूर आणि आराखड्यात कोणत्या पट्ट्यात, हे आधी विचारावे. घर बांधता येत नसेल तर ती जागा म्हणजे नुसते वाळूचे देणे.

चौथी गाठ वारसांची. ही सर्वांत नाजूक, कारण ती आपल्याच घरात असते. तिच्याविषयी माझ्या नणंदेकडची हकीगत सांगते, म्हणजे नीट कळेल.

नणंद शिवणकाम करते, तिचे यजमान कारखान्यात आहेत. पंधरा वर्षे दोघांनी भिशी, बचतगट आणि दिवाळीचा बोनस असे करीत पैसे जमवले. एक छोटी चिकूची वाडी, आत कौलारू घर, असा व्यवहार आला. यजमानांच्या वडिलांचा सातबारा असल्याने शेतकरी असण्याची अडचण नव्हती. जमीन आदिवासीची नव्हती, घरही जुने उभे होते. सातबाऱ्यावर दोन भावांची नावे, दोघेही सही करावयास तयार. दलाल म्हणाला, “आज संध्याकाळपर्यंत बयाणा द्या, उद्या मुंबईचे गिऱ्हाईक येणार आहे.” नणंदेने गळ्यातली सोन्याची माळ मोडावयाची तयारी केली. मी म्हटले, माळ आठ दिवस गळ्यातच राहू दे, आधी कागद दाखवू.

वकीलबाईंनी फेरफार मागवले. वडील वारल्यानंतरच्या वारसनोंदीत दोन भाऊ आणि तीन बहिणी अशी पाच नावे निघाली. दोन बहिणींनी हक्कसोड नोंदवून दिले होते. तिसरीचे काहीच नव्हते. तिचे नाव नंतरच्या एका फेरफारात नुसते गळले होते. ती गुजरातेत वलसाडकडे दिलेली. वकीलबाई म्हणाल्या, “वडील मृत्युपत्राशिवाय गेले, तर १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. २००५ च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मापासून भागीदार. ही बाई उद्या उभी राहिली तर तुमची खरेदी अडकेल. तिची सही आणा, नाही तर पैसे देऊ नका.”

भाऊ रागावले. दलाल म्हणाला, बायकांनी यात पडू नये. आठ दिवस कोणी बोलले नाही. नणंदेच्या घरी वाद झाला, की चांगली वाडी हातची जाईल. शेवटी भावांनाच कळले, की हा दोष राहिला तर दुसरे शहाणे गिऱ्हाईकही हेच विचारील. त्यांनी बहिणीला बोलावले. ती आली, तेव्हा समजले की वाडी विकली जात आहे हेच तिला कोणी सांगितलेले नव्हते. चौकशीअंती ठरले, खरेदीखतावर तिची सही झाली, आणि किमतीतील तिचा हिस्सा तिच्या बँकेच्या खात्यात गेला. नणंदेला वाडी मिळाली. वकीलबाईंची फी त्या मोडावयास निघालेल्या माळेच्या घडणावळीइतकीही झाली नाही.

भगिनींनो, माझ्या मनाला यात लागले ते असे. घेणाऱ्याने आपल्या पैशासाठी केलेल्या तपासणीतून एका अनोळखी बाईला तिच्या वडिलांच्या घरचा वाटा मिळाला. कागद नीट पाहणारा घेणारा असला, तर विकणाऱ्याच्या घरातली बोलू न शकणारी बाईही वाचते. आणि आपण नीट पाहिले नाही, तर नकळत अशाच एखादीचा हिस्सा बुडवण्यास आपण हातभार लावतो.

म्हणून हेही सांगते. सल्ला काय तो विकत घेणारीलाच हवा, असे नाही. तुमचा भाऊ किंवा दीर जेव्हा म्हणतो, “ताई, येथे जरा सही कर, नुसती रीत आहे,” तेव्हा तो कागद हक्कसोड आहे की मुखत्यारपत्र, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. प्रेमाने हक्क सोडावयाचा असेल तर अवश्य सोडा, माहेर मोठे आहे. पण काय सोडते आहे हे समजून सोडा. न समजता दिलेल्या सहीने पुढे नातेही राहत नाही आणि जमीनही.

आता वकील नेमके काय करतो? मला समजले ते असे. तो मागील तीस वर्षांचा शोध घेतो, म्हणजे निबंधकाच्या कचेरीत त्या मिळकतीवर कोणकोणते दस्त नोंदले गेले, गहाण आहे का, दावा चालू आहे का, हे पाहतो. (पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, म्हणून जुन्या दस्तांवर ‘जिल्हा ठाणे’ दिसेल, त्यास घाबरू नये.) सातबारा, आठ-अ, फेरफार आणि जुनी खरेदीखते एकमेकांशी जुळवतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, की कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी. मग लेखी अहवाल देतो. शेवटी साठेखत आणि खरेदीखताचा मसुदा वाचून, बयाणा कोणत्या परिस्थितीत परत मिळेल, ताबा केव्हा, वीजबिल व घरपट्टीची थकबाकी कोणाची, ही कलमे घालून घेतो. तोंडी ‘सगळे बरोबर आहे’ म्हणणाऱ्या वकिलाला नमस्कार करून परत यावे. अहवाल लेखी आणि सहीचा घ्यावा.

दोन कागदांविषयी विशेष सावध राहावे. एक, स्टँप पेपरवर नोटरी करून दिलेले ‘खरेदीखत’. स्थावर मिळकत शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची असेल तर ती नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले आहे. नोटरीच्या शिक्क्याने जागा आपली होत नाही. दुसरा, मुखत्यारपत्रावरची विक्री. नुसत्या मुखत्यारपत्राने वा साठेखताने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. मालक परदेशी आहे, आजारी आहे, असे सांगून मुखत्यार विकावयास आला, तर ते पत्र नोंदलेले आहे का, रद्द झालेले नाही ना, आणि मालक हयात आहे ना, हे आधी पाहावे.

कोणी विचारील, बोईसर-पालघरकडे नव्या इमारतीत फ्लॅट घेतला तर? तेथे काम थोडे सोपे आहे. २०१६ चा रेरा कायदा झाल्यापासून पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागावा आणि मुलांना मोबाईलवर तो उघडून दाखवावयास सांगावे. तेथे मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख आणि चालू दावे दिसतात. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा वेळेवर दिला नाही तर व्याजासह पैसे मागता येतात, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो बिल्डरने दुरुस्त करून द्यावा लागतो. एवढे आपण स्वतः पाहू शकतो. तरी करार जाडजूड असतो, आणि तो बिल्डरने लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी आपल्या वकिलाकडून एकदा वाचून घ्यावा. तीस वर्षांचा शोध न घेता नुसता करार वाचून घेण्याची फी कमी पडते. जुना फ्लॅट असेल तर सोसायटीचे ना-हरकत पत्र, भागदाखला आणि आधीच्या सर्व मालकांचे करार क्रमाने पाहावेत.

वकील कोणता करावा? विकणाऱ्याचा नको, दलालाने आणलेला नको, दोन्ही बाजूंचा एकच तर मुळीच नको. जमिनीची कामे करणारा आणि शक्य तर याच तालुक्याच्या कचेरीत वावरणारा असावा. फी आधी ठरवून घ्यावी आणि पावती मागावी. लाज वाटू देऊ नये. मासळी घेताना आपण कल्ले उघडून पाहतो ना, मग येथे कसली भीड?

फी परवडत नाही असे कोणास वाटत असेल, तर एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नाही ती सांगते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, मग तिचे उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींच्या सर्व व्यक्तींनाही तो आहे. कायद्यात ‘सल्ला’ हाही त्या सेवेतच धरला आहे. तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. निदान हातातला कागद कसला आहे, एवढे तरी तेथे जाऊन समजून घ्यावे.

मात्र वकील केला म्हणजे आपण डोळे मिटून बसावे, असेही नाही. वकील कागद पाहतो. जागा आपण पाहावयाची. पावसाळ्यात पाणी कोठे साचते, विहिरीला उन्हाळ्यात खारे पाणी येते का, वाडीत जावयाची वाट कोणाच्या जमिनीतून आहे आणि ती कागदावर आहे का, कुंपण खुणेच्या दगडावरच आहे का, आत कोणी राहते आहे का, हे शेजारणीला विचारल्यावाचून कळत नाही. बायका विहिरीवर आणि बाजारात जे बोलतात, ते कोणत्याही फेरफारात नसते. हद्दीची शंका असेल तर भूमी अभिलेख कचेरीकडून सरकारी मोजणी करून घ्यावी. आणि तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे एकदा स्वतः जाऊन यावे.

आणखी एक आपल्या हिताची गोष्ट. महाराष्ट्रात २०२१ पासून निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. वीस लाखांच्या घराला वीस हजार रुपये वाचतात, आणि त्यात वकिलाची फी निघू शकते. त्याहून महत्त्वाचे हे, की घर आपल्या नावे होते. कर्जासाठी दोघांचे नाव घालणे भाग असेल तर तसे करावे, पण आपले नाव कागदावर असावेच. स्वयंपाकघरात आपले राज्य आहे म्हणतात, मग ते राज्य सूची क्रमांक दोनमध्येही दिसू द्या!

तर प्रश्नाचे माझे उत्तर असे. महारेराकडे नोंदलेल्या इमारतीतील फ्लॅट असेल तर निदान करार वाचण्यापुरता वकील करावा. आपल्या तालुक्यातील जमीन, वाडी किंवा जुने घर असेल तर पूर्ण तपासणीसाठी करावाच. आणि दोन्ही ठिकाणी तो बयाणा देण्याच्या आधी करावा. बयाणा दिल्यावर वकील गाठला तर तो दोष सांगू शकेल, पण पैसे परत आणून देण्यासाठी पुन्हा कोर्टाचीच पायरी दाखवावी लागेल. “उद्या भाव चढेल” असे जो म्हणतो, त्याला “उद्याच या” म्हणावे. खरी वस्तू आठ दिवस थांबते. जी थांबत नाही, तिच्यात बहुधा काहीतरी असते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. महिन्यातून एक दुपार आपण कागदवाचनासाठी ठेवावी. ज्या भगिनीकडे सातबारा, हक्कसोड, करार, घरपट्टीची पावती, काही म्हणून असेल, ते तिने आणावे. चार जणींनी मिळून वाचावे, आणि न कळलेले लिहून काढावे. वर्षातून दोनदा तालुका विधी सेवा समितीला पत्र लिहून एखाद्या वकीलबाईंना बोलवावे. हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो, त्यात यंदा प्लास्टिकच्या डब्याऐवजी कागद ठेवावयाची एकेक चांगली फाईल द्यावी. नावे लिहून घेण्यासाठी मी वही आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपले नाव लिहावे.